करवती साडीच्या १ स्टार रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

ताई नमस्कार, नागपूरचं हे दुकान माझंच आहे. उत्तराला चार दिवस लागले कारण आधी काउंटरवरच्या पोट्ट्याला विचारायचं होतं की फोनवर तो नक्की काय बोलला. "आम्ही काय करणार" असंच बोललो म्हणाला. ते चुकलंच, त्याबद्दल सॉरी.

आता साडीचं. तुम्ही लिहिलंय की साडेआठ हजारांची टसर रेशमाची करवती महालक्ष्म्यांच्या जेवणाला नेसली, रात्री पावडरच्या पाण्यात भिजवून ठेवली, सकाळी मशीनला लावली, आणि काढून बघते तर काठाचा लाल रंग साडीच्या अंगावर उतरलेला, काठ चुण्या पडून आखडलेला, चमक गायब, म्हणजे सिल्क नकली.

लाल डागांचा फोटो मी मोठा करून तीनदा पाहिला. काठाचा रंग सुटला असता तर काठालगत पसरला असता, किंवा मशीनमध्ये सगळी साडीच लालसर झाली असती. तुमचे डाग निऱ्यांवर मधोमध आहेत, गोल गोल, थेंब पडावेत तसे. ताई, ती कढी आहे. हळदीला साबण लागला की ती लाल होते, शाळेत हळदीचा कागद करून त्यावर साबणाच्या पाण्याने चित्र काढायचो ना, तेच तुमच्या निऱ्यांवर झालंय. बादलीभर गार पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर टाकून साडी अख्खी त्यातून काढा, नुसता डाग ओला करू नका, टसरवर पाण्याचीच कड उमटते. लाल परत पिवळं होईल. मग त्या पिवळ्याला सकाळचं कोवळं ऊन थोडा वेळ दाखवा, हळद उन्हाने फिकी पडते. दुपारच्या उन्हात नका टाकू, हळद जाईल आणि सोबत साडीही.

चमक पावडरने गेली. कपड्यांची पावडर अल्कलाइन, म्हणजे सोड्यासारख्या गुणाची असते आणि बऱ्याच पावडरींमध्ये डाग खाणारे एन्झाइम असतात, दूध अंडं असले प्रोटीनचे डाग ते खातात, आणि रेशीम हे प्रोटीनच आहे आपल्या केसांसारखं, आता रात्रभर भिजवल्यावर त्या एन्झाइमला काय कळणार की डाग कुठला आणि साडी कुठली. गेलेली चमक पूर्ण परत येणार नाही, खोटं कशाला सांगू. आणि नकली म्हणाल तर पॉलिस्टर असती तर त्या पावडरने तिला काही झालंच नसतं! तरी शंका असेल तर पदराच्या गोंड्यातला एक धागा काढून जाळून बघा, जळक्या केसांचा वास येईल आणि राख बोटात चुरा होईल, प्लास्टिकची वितळून गोळी होते.

काठाचं मात्र आमच्याकडे लागतं. करवतीचं अंग टसरचं आणि काठ सुती, पहिल्या पाण्यात सूत आखडतं तेवढं टसर आखडत नाही, म्हणून चुण्या पडतात, आणि मशीनने त्या जास्तच पडल्या. साडी आधीच पाण्यातून काढून विकली तर हे टळेल, पण तसं केलं की नवेपणा जातो आणि गिऱ्हाईक हात लावत नाही, म्हणून आम्ही करत नाही. निदान सांगायला तरी पाहिजे होतं. पोरगा फक्त "घरी धुता येते" एवढंच बोलला. येते, माझी आई तिच्या टसरच्या सगळ्या साड्या घरीच धुते, पण रिठ्याच्या गार पाण्यात किंवा लोकरीच्या कपड्यांच्या लिक्विडमध्ये, पाच मिनिटांच्या वर ठेवत नाही, घासत नाही पिळत नाही, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपते, सावलीत टाकते आणि जरा दमट असतानाच उलट्या बाजूने इस्त्री करते, पूर्ण वाळली की टसरच्या चुण्या निघत नाहीत. जरीची साडी असेल तर मात्र तीही ड्रायक्लीनलाच देते. हे आता छापून प्रत्येक पिशवीत टाकतोय, तुमच्या रिव्ह्यूमुळेच.

तर साडी घेऊन या, बिल नसलं तरी चालेल. काठ ओला करून ताणून बसवायचं काम आमचा माणूस करतो, पैसे लागणार नाहीत. नाहीच नीट बसला तर दुसऱ्या करवतीवर निम्मी किंमत कमी करतो. चमकेची भरपाई नाही देऊ शकत, ते आत्ताच स्पष्ट सांगतो, म्हणजे दुकानात आल्यावर पुन्हा वाद नको. स्टार एक ठेवायचा की वाढवायचा ते तुमचं तुम्ही बघा. फक्त तोवर त्या डागांवर इस्त्री फिरवू नका, एकदा गरम लागलं की मग व्हिनेगर आणि उन्हानेही निघणार नाहीत.