पाटी पुरुषांसाठी, पाच रुपये आमच्यासाठी

तुमच्या लेखात महिलांसाठी सार्वजनिक शौचालयं वाढवा म्हटलंय, बरोबरच आहे. पण आहेत त्यांचं काय? मी मुंबईत लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. पहाटे साडेपाचला घर सोडलं की दुपारी दोनपर्यंत रस्त्यावर. कुठल्या स्टेशनबाहेरचं शौचालय किती वाजता उघडतं, हे मला लोकलच्या टायमिंगसारखं पाठ आहे. पाणी मात्र दहा वाजेपर्यंत पीत नाही.

परवा एका ठिकाणी टेबलावरच्या माणसाने पाच रुपये मागितले. त्याच्याच डोक्यावर पाटी होती, 'लघवी मोफत'. दाखवली तर म्हणे, "ते जेंट्सचं हो ताई. लेडीज दार लावून आत जातात, आम्हाला काय कळणार कशासाठी गेल्या ते!" आता यावर काय बोलायचं? याच हिशेबाविरुद्ध २०११ मध्ये मुंबईत 'राईट टू पी', म्हणजे बायकांच्या लघवीच्या हक्काची मोहीम सुरू झाली होती. २०१५ मध्ये उच्च न्यायालयानेही महापालिकांना महिलांच्या स्वच्छतागृहांबद्दल आदेश दिले. टेबलापर्यंत काही पोचलेलं दिसत नाही.

आत दाराला कडी नव्हती. बॅग अडकवायला साधा खिळासुद्धा नाही. नमुन्यांचा डबा त्या ओल्या फरशीवर ठेवणार कसा? पट्टा गळ्यात, ओढणी दातांत, एक हात दारावर. पुरुष वाचकांनी एकदा करून बघावं.

पाच रुपये दिले मी. पावती मागितली, तर पुस्तक संपलंय म्हणाला.