कॉलेजच्या गेटला कार्ड मशीन बसवताय? मग कमिटीवर बसण्याआधी एवढं वाचाच

पहिली गोष्ट, अजिबात घाई करू नका, फक्त नॅकची, म्हणजे कॉलेजला ग्रेड देणाऱ्यांची, टीम यायच्या आत सगळं बसलं पाहिजे. या वाक्यात तुम्हाला काही खटकत असेल तर तुम्ही अजून परचेस कमिटीवर बसलेला नाहीत. बसा एकदा, समोसे चांगले असतात.

सुरुवात गेटपासूनच करायची. लॅब, सर्व्हर रूम, परीक्षा विभागाची स्ट्राँग रूम असल्या आतल्या दारांना कोण बघतं, तिथलं नवतालचं कुलूप अजून दहा वर्षं चालेल. गेटवर मात्र काचेचे पंख उघडणारे ते फ्लॅप बॅरियर पाहिजेत, कारण मेट्रो काही नाशकात आली नाही, निदान तिचं गेट तरी येऊ दे. एका पोराला दोन सेकंद धरले तर एका लेनमधून हजार पोरं आत जायला दोन हजार सेकंद लागतात, म्हणजे अर्ध्या तासाच्या वर, आणि सकाळची पोरं तर सिन्नर-ओझरच्या बसमधून एकदमच उतरतात. हा हिशोब कमिटीत मांडू नका. पहिल्याच आठवड्यात ते पंख उघडे ठेवून शेजारी दोरी बांधायची असते, आणि दोरी कुठेही मिळते, मेनरोडला तर स्वस्त.

आता कार्ड. कार्ड निवडताना मागची किंमत बघायची आणि पुढचा लोगो बघायचा, मधे काय आहे ते कमिटीचं काम नाही. सगळ्यात स्वस्त ते १२५ किलोहर्ट्झवालं. त्याच्यात फक्त एक नंबर असतो आणि जो रीडर जवळ येईल त्याला ते तो नंबर सांगून टाकतं, पत्रिका न बघता स्थळाला होकार दिल्यासारखं. त्याची कॉपी करायचं हातातलं मशीन ऑनलाईन मिळतं. पण दुसऱ्याची हजेरी, म्हणजे प्रॉक्सी, लावायला पोरांना कॉपीची तरी काय गरज, एकच पोरगं सहा जणांच्या कार्डांची माळ गळ्यात घालून येतं, नंदीबैलासारखं.

कोणी म्हणालं की स्मार्ट कार्ड घेऊ, तर लगेच हो म्हणा, शब्द छान आहे. बहुतेक वेळा समोरचा तुम्हाला मायफेअर क्लासिक दाखवेल. हे कार्ड १९९४ चं, आणि त्याचं कुलूप २००८ मध्ये नेदरलँड्सच्या नायमेखनमधल्या राडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी खोलून दाखवलं. कार्ड बनवणारी कंपनी तो शोधनिबंध छापू देऊ नका म्हणून कोर्टात गेली, कोर्टाने ऐकलं नाही. म्हणजे आत्ता जे पोरगं तुमच्याकडे फर्स्ट इयरला ॲडमिशन घेतंय ना, ते जन्मलं त्याच सुमाराला फुटलेलं कुलूप तुम्ही त्याच्याच गळ्यात अडकवताय. याच्यात एक आपलेपणा आहे बघा. त्याच्या वरचं डेसफायर म्हणून येतं, त्याच्यात एईएस एन्क्रिप्शन असतं, म्हणजे कार्ड आणि रीडर गुप्त चाव्या वापरून सांकेतिक भाषेत बोलतात, ते महाग. पण समजा एखाद्या हट्टी सरांनी हट्टाने तेच घ्यायला लावलं, तरी घाबरू नका, त्याच्यावर उपाय आहे. बसवणाऱ्याला सांगायचं की रीडरने कार्डावरचा उघडा सिरीयल नंबर वाचला तरी बास. मग त्या एन्क्रिप्शनला कोणी हात लावत नाही, चाव्यांची भानगड नाही, पैसे महाग कार्डाचे आणि सुरक्षा स्वस्त कार्डाची. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये, अशी महागडी कार्डं खरंच नुसत्या नंबरवर चालवलेली असतात.

वायरचं फार मनावर घेऊ नका. रीडरपासून कंट्रोलरपर्यंत, म्हणजे दार उघडायचं की नाही ते ठरवणाऱ्या डब्यापर्यंत, वीगँड नावाची जुनी पद्धत असते, २६ बिट, त्यातले ८ संस्थेचा कोड, १६ कार्डाचा नंबर, २ तपासणीचे, आणि हे सगळं वायरीवरून उघडंनागडं पळत असतं. ओएसडीपी म्हणून नवीन आलंय, त्याच्यात सिक्युअर चॅनल चालू केलं तर बोलणं एन्क्रिप्ट होतं, पण त्याचा उच्चार करता येत नाही म्हणून टेंडरमध्ये लिहू नये. आणि कंट्रोलर वेगळा आत ठेवायचा कशाला, एकच डबा घ्या ज्याच्यात रीडर आणि रिले, म्हणजे कुलूप उघडणारा स्विच, दोन्ही असतं, तो दाराच्या बाहेर लावा आणि कुलपाच्या वायरी त्याच्याच पाठीमागे आणा. घराची चावी उंबऱ्यावरच्या कुंडीखाली ठेवायची आपली परंपराच आहे.

अंगठा लावायचं मशीन हवंच. निफाड-दिंडोरीकडची पोरं द्राक्षाच्या सीझनला पहाटे बागेत राबून येतात, त्यांच्या बोटांच्या रेषा घासलेल्या असतात, मशीन त्यांना चारदा प्लीज ट्राय अगेन म्हणतं आणि पाचव्यांदा गैरहजर लावतं. ज्याने सकाळपासून काम केलं तोच गैरहजर, यात काही नवीन नाही भो. बोटांचे आणि चेहऱ्यांचे ठसे सगळे अकाउंट सेक्शनच्या पीसीवर ठेवा, ॲडमिन ॲडमिन पासवर्डने. २०२३ चा तो डेटा संरक्षणाचा कायदा आहे म्हणे, २५० कोटींपर्यंत दंड आहे त्याच्यात, पण तो दुसऱ्यांसाठी असतो. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा कुठून बदलणार, असं विचारणाऱ्याला पुढच्या मीटिंगचा निरोप देऊ नये.

आमच्याकडे एक विक्रेता आला होता, साधा माणूस, ब्रोशरपण नव्हतं धड. त्याने विचारलं की कोणतं दार कोणासाठी किती वाजेपर्यंत उघडायचं ते ठरलंय का, पास झालेल्या पोराचं कार्ड बंद कोण करणार, आणि लाईट गेल्यावर दार उघडं राहायला पाहिजे की बंद. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. असल्या माणसाला चहा पाजून वाटेला लावायचं असतं, आम्ही तेच केलं. २०१९ ला पास झालेला एक पोरगा अजून त्याच कार्डाने लायब्ररीत येऊन एसीत अभ्यास करतो, पण आमच्या रेग्युलर पोरांपेक्षा जास्त वाचतो म्हणून कोणी काही बोलत नाही.

लाईटचं मात्र थोडं सांगतो. चुंबकाचं कुलूप, म्हणजे मॅगलॉक, पॉवर आहे तोवरच धरून ठेवतं. आग लागली की लोकांना बाहेर पडता यावं म्हणून ते तसंच असायला पाहिजे आणि फायर अलार्मला जोडायलाही पाहिजे. ज्या खोलीत लाईट गेल्यावरही बाहेरच्याला बंदच पाहिजे तिथे दुसऱ्या जातीचं कुलूप लागतं, जे आतून हँडलने उघडतं. आम्ही पुढे आतल्या दारांनाही मशीन बसवलं तेव्हा सगळीकडे मॅगलॉकच घेतलं, दर चांगला लागला म्हणून. लाईट गेल्यावर ते धरून ठेवणारी पेटीतली १२ व्होल्टची बॅटरी तीन वर्षांत कोणी बदलली नव्हती, कारण एएमसीत, म्हणजे वर्षाच्या देखभालीच्या करारात, ती धरलेली नव्हती.

गेल्या जूनमध्ये पहिल्या वळवाला रात्री साडेनऊला लाईट गेली आणि थोड्या वेळाने परीक्षा विभागाचं दार आपणहून उघडलं, आत दुसऱ्या दिवशीचे पेपर. वॉचमन मामांनी मला फोन केला, मी म्हटलं सर्व्हिसवाल्याला लावतो, तो काही उचलेना. मामा म्हणाले, "राहू द्या सर, मी बसतो खुर्ची टाकून." सकाळी सहापर्यंत बसले, टॉर्च आणि काठी घेऊन. महिनाअखेरीला त्यांची ती रात्र पगारातून कापली गेली. मी विचारायला गेलो तर क्लार्कने स्क्रीन फिरवून दाखवली, त्या रात्री मशीनवर त्यांचा पंचच नव्हता.