गोव्याला 40 आमदार जास्त होतात? त्या फॉरवर्डला उत्तर

पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठलाही ग्रुप उघडा, हा मेसेज येतोच. थोडक्यात असा: "लोकसंख्या फक्त 15 लाख आणि आमदार 40! शेजारच्या सिंधुदुर्गाचं 3 आमदारांत भागतं. पूर्वी 30 होते तेव्हा काय अडत होतं? 20 करा, मंत्री निम्मे, खर्च निम्मा, फोडाफोडी बंद. तसंही घटनेप्रमाणे विधानसभेत कमीत कमी 60 आमदार लागतात, म्हणजे 40 हा आकडाच बेकायदेशीर आहे. आणि सत्ताधारी आमदार विरोधकांच्या बाजूला जाऊन बसलेले दिसतात, म्हणजे सगळे आतून एकच." चांगली शिकलेली माणसं हे पुढे ढकलतायत म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

कायद्याचा मुद्दा आधी घेतो, तो लगेच मिटतो. कलम 170 मध्ये राज्याच्या विधानसभेला 60 ते 500 अशी मर्यादा आहे, हे बरोबर. पण त्याच घटनेत कलम 371-आय आहे, 1987 साली गोवा राज्य झालं तेव्हा 56 व्या दुरुस्तीने आलेलं, आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की घटनेत इतरत्र काहीही असलं तरी गोव्याच्या विधानसभेत 30 पेक्षा कमी सदस्य असणार नाहीत. म्हणजे 40 पूर्ण कायदेशीर आहेत, उलट मेसेजवाल्यांचे 20 च घटना बदलल्याशिवाय होणार नाहीत. सिक्कीम, मिझोराम, अरुणाचललाही अशीच वेगळी कलमं आहेत. आता विषय निघालाच आहे तर मनातलं सांगतो, नागालँडच्या 371-ए मध्ये जमीन, रूढी, परंपरा यांना संरक्षण आहे आणि आमच्या 371-आय मध्ये आमदारांचा आकडा सोडून दुसरं काहीच नाही. गोव्यातल्या जमिनी ज्या वेगाने जातायत ते बघता ह्या कलमात भर घाला अशी मागणी कुणी केली तर मी त्याच्याबरोबर उभा राहीन, पण आहे तेही काढून टाका म्हणणाऱ्याबरोबर नाही.

आता 15 लाखाला 40. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या 14 लाख 58 हजार, म्हणजे एका आमदारामागे साधारण 36 हजार माणसं. महाराष्ट्रात हाच आकडा 3 लाख 90 हजारांच्या आसपास जातो, म्हणून मेसेजवाल्याला वाटतं की गोवा चैन करतोय. पण तुलना करायची तर आपल्याएवढ्या राज्यांशी करा ना. सिक्कीम, 6 लाख लोकसंख्या, 32 आमदार, एकामागे 19 हजार. अरुणाचल, पावणेचौदा लाख, 60 आमदार, एकामागे 23 हजार. मिझोराम, 11 लाख, 40 आमदार, एकामागे 27 हजार. ह्या रांगेत गोव्याचा आमदार सगळ्यात जास्त माणसं सांभाळतोय. महाराष्ट्राचं माप लावलं तर गोव्याला 4 आमदार येतात, मग त्या चारातला एक मुख्यमंत्री, एक सभापती, आणि उरलेल्या दोघांनी काय करायचं ते मेसेजवाल्याने सांगावं.

सिंधुदुर्गाचं उदाहरण मात्र नीट बघायला पाहिजे, कारण ते पटकन पटतं आणि आमच्यातल्या कितीतरी जणांची सोयरीक तिकडे असल्यामुळे जवळचंही वाटतं. साडेआठ लाख लोकसंख्या, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी असे 3 मतदारसंघ. पण सिंधुदुर्ग हा जिल्हा आहे, त्याचा कायदा मुंबईत 288 जण मिळून करतात आणि ह्या तिघांचं मत त्यात शंभरातलं एक. दोडामार्गच्या माणसाला मंत्रालयात काम पडलं तर रात्रीची गाडी पकडून मुंबईला जावं लागतं, हिवाळी अधिवेशन असलं तर थेट नागपूर. आमच्या सत्तरीतला माणूस सकाळी बसने निघून पर्वरीला, जिथे आमची विधानसभा आणि सचिवालय आहे, काम करून संध्याकाळी घरी जेवायला असतो. हे काही आपोआप मिळालेलं नाही. 1967 चा जनमत कौल (महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं यावरचा), मग 20 वर्षं केंद्रशासित, मग 30 मे 1987 ला राज्य, एवढं सगळं झालं तेव्हा ही विधानसभा आमची झाली. विलीनीकरणाच्या बाजूने मत दिलेल्या घरांतही आज ह्याबद्दल दुमत सापडायचं नाही. कूळ-मुंडकार कायदा (मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा), खाणी, कोमुनिदादच्या म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी, पंचायती, टॅक्सी, मासेमारी, सगळ्याचा निर्णय पर्वरीत होतो, त्यामुळे सिंधुदुर्गाच्या 3 ची तुलना आमच्या 40 शी होतच नाही, करायची तर मुंबईच्या 288 शी करा.

"पूर्वी 30 होते" हेही अर्धवट आहे. ते 30 गोवा, दमण आणि दीव मिळून होते, त्यातला एक दमणचा, एक दीवचा, गोव्याचे 28. डिसेंबर 1963 मध्ये पहिली निवडणूक झाली, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि 9 जानेवारी 1964 ला पहिली बैठक भरली, तेव्हा 1960 च्या जनगणनेप्रमाणे गोव्याची लोकसंख्या होती 5 लाख 90 हजार. भागाकार करून बघा, एका आमदारामागे 21 हजार. आज 36 हजार. म्हणजे आमदार वाढले पण लोक त्याहून जास्त वाढले, भाऊंच्या काळात माणसाला आमदार जितका जवळ होता तितका आज नाही.

बसण्याचा मुद्दा मोठा नाही. सभापतींच्या उजव्या हाताला सरकार, डाव्या हाताला विरोधक ही रीत, आणि कुणी कुठे बसायचं हे सभापती ठरवतात. सरकारकडे संख्या जास्त असली की एका बाजूला मावत नाहीत, मग काही जण पलीकडे बसतात, कुठल्याही सभागृहात असंच होतं. खुद्द लोकसभेत डावीकडची पहिली जागा उपसभापतींची, मग ते कुठल्याही पक्षाचे का असेनात. मतविभाजनात माणूस मोजतात, बाक नाही. 2022 च्या निवडणुकीत भाजप 20, काँग्रेस 11 आले, त्याच सप्टेंबरात काँग्रेसचे 8 जण भाजपमध्ये गेले आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे (मगो) 2 आणि अपक्ष 3 धरून सरकारची बाजू 33 झाली, विरोधात 7 उरले. फोटोत दिसतो तो ह्या बेरजेचा परिणाम. त्या सात जणांना सगळ्यांबरोबर एका मापात टाकणं मला अन्यायाचं वाटतं, कारण प्रश्नोत्तराच्या तासाला उभं राहून सरकारला विचारणारे मुख्यतः तेच.

आता मेसेजचा खरा जीव ज्यात आहे ते वाक्य, "20 करा, मंत्री निम्मे". हे साफ चुकीचं आहे आणि इथेच लोक फसतात. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या 15 टक्क्यांवर आणली. 40 चे 15 टक्के म्हणजे 6. पण लहान राज्यांसाठी त्याच कलमात एक ओळ आहे, मुख्यमंत्री धरून मंत्री 12 पेक्षा कमी नसावेत. म्हणून गोव्यात 12. आमदार 40 असोत, 30 असोत की 20, मंत्री 12 च राहणार, एकही कमी होणार नाही!

मग कमी काय होतं? मंत्री नसलेले आमदार कमी होतात. 40 मधून 12 मंत्री, सभापती आणि उपसभापती वजा करा, 26 उरतात. लोकलेखा समिती, अंदाज समिती, आश्वासन समिती, प्रश्न, लक्षवेधी, खाजगी ठराव, सरकारवर नजर ठेवण्याचं सगळं काम ह्या 26 जणांच्या अंगावर, आणि त्यातलेही काही महामंडळांचे चेअरमन होतात म्हणजे सरकारचेच. 30 केले तर उरतात 16. 20 केले तर 6. सहा माणसं. 2025-26 चा गोव्याचा अर्थसंकल्प 28 हजार कोटींच्या घरात होता, तो सहा माणसं तपासणार? आज 40 पैकी 12 मंत्री म्हणजे तिसऱ्या हिश्श्याच्या आत, 20 पैकी 12 झाले की सरकारला बहुमतासाठी मंत्रिमंडळाबाहेरचा एकही आमदार लागत नाही, मंत्री स्वतःच हात वर करून बिल पास करणार. ज्याला सरकारी खर्चाची खरीच काळजी आहे त्याने तर अधिवेशनाचे दिवस वाढवा म्हणायला हवं, समित्यांचे अहवाल चर्चेला घ्या म्हणायला हवं. तपासणारी माणसं कमी करून खर्च वाचल्याचं मी कुठे बघितलेलं नाही.

फोडाफोडीचंही उलटंच आहे. पक्षांतरबंदी कायद्यात आता एकच मोठी पळवाट उरलीय, विधिमंडळ पक्षाच्या दोन तृतीयांश आमदारांनी मिळून दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं. जुलै 2019 मध्ये काँग्रेसचे 15 पैकी 10 गेले, बरोबर दोन तृतीयांश. 2022 मध्ये 11 पैकी 8. पण त्याच 2019 च्या मार्चमध्ये मगोचं काय झालं ते आठवा, 3 आमदार होते, दोघे मध्यरात्री भाजपमध्ये विलीन झाले, सुदिन ढवळीकर एकटे उरले आणि उपमुख्यमंत्रीपदही गेलं. तिघांच्या पक्षात दोघांना पटवलं की काम झालं. सभागृह अर्धं केलं की सगळेच पक्ष तिघा-चौघांचे होणार, मग पळवाट आणखी रुंद होते की नाही? त्यात रिकाम्या जागांचं गणित आहे. त्याच महिन्यात पर्रीकरांच्या निधनानंतर विश्वासदर्शक ठराव आला तेव्हा दोन आमदारांचं निधन आणि दोघांचे राजीनामे यामुळे सभागृह 36 चं होतं, ठराव 20 विरुद्ध 15 ने पास झाला. 40 मध्ये 4 जागा रिकाम्या म्हणजे दहावा भाग, 20 मध्ये त्याच 4 म्हणजे गोव्याच्या पाचव्या भागाला आमदारच नाही.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच, कारण लिहिणाऱ्याच्या डोक्यातच ती आली नसावी. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, 2011 च्या जनगणनेत गोव्यात त्यांची संख्या 1 लाख 49 हजार, दहा टक्क्यांहून थोडी जास्त, आणि विधानसभेत राखीव जागा शून्य. मोर्चे झाले, निवेदनं झाली, निवडणुकांमागून निवडणुका गेल्या, शेवटी ऑगस्ट 2025 मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांनी राखीव जागांसाठीचं विधेयक मंजूर केलं. जागा लोकसंख्येच्या प्रमाणात द्यायच्या असतात. 40 चे दहा टक्के म्हणजे 4 जागा. 30 केले की 3, 20 केले की 2. पेडण्याची अनुसूचित जातीची एकमेव राखीव जागा बघा, गोव्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या पावणेदोन टक्के, 40 मध्ये हिशोब 0.7 येतो म्हणून पूर्ण एक जागा धरली जाते, 20 मध्ये तो 0.35 वर येतो आणि जागा जाते. काणकोण, सांगे, केपेतल्या माणसांनी वीस-बावीस वर्षं भांडून मिळवलेल्या चारातल्या दोन, आणि पेडण्याची होती ती एक, एवढं त्या "20 करा" मध्ये आहे.