‘पै.’ म्हणजे काय हो?

परवा पेपरच्या आतल्या पानावर, सोन्याच्या दुकानाच्या भल्यामोठ्या जाहिरातीखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत एक जाहीर सूचना आली. ‘महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 चे कलम 37(1) अन्वये, मौजे अमुक येथील स.नं. तमुक, हि.नं. ढमुक पै. वरील आरक्षण वगळून सदर क्षेत्र निवासी विभागात समाविष्ट करणेचे फेरबदलास्तव हरकती/सूचना मागविणेत येत आहेत.’ एकच वाक्य. पूर्णविरामाशी पोचेपर्यंत चहा गार.

आमच्या सोसायटीमागे पोरं रोज क्रिकेट खेळतात, ते मैदान आता मैदान राहणार नाही. अहो, एवढंच लिहायचं होतं ना! आणि आम्ही कोथरूडला दत्तमंदिरामागे राहतो. ‘मौजे’त राहतो हे आम्हाला कुणी कधी सांगितलंच नाही.

त्यातून ते ‘पै.’. शेजारच्या काकूंना वाटलं पैसे. मला वाटलं पैलवान, फ्लेक्सवर असतात तसे. निघालं ‘पैकी’! म्हणजे सगळी जागा नाही, एक तुकडा. कुठला? ‘नकाशा कार्यालयीन वेळेत पाहावयास उपलब्ध.’ त्याच वेळेत आम्हीही कुठल्यातरी कार्यालयात मान मोडत असतो, म्हटलं.

हाफ डे टाकून गेले. ‘साहेब साइटवर गेलेत.’ पुन्हा हाफ डे. नकाशा दिसला, फोटो काढू का विचारलं, तर ‘अर्ज करा’. कायद्यानं हरकतीला एक महिना दिलाय. त्यातले 11 दिवस भाषांतरात गेले, मराठीतून मराठीत!

3 ऑक्टोबर 2024 ला मराठी अभिजात झाली म्हणून पेढे वाटले होते मी. कळेनाशी झाली म्हणून नव्हते वाटले.

मग सुनावणीचं पत्र आलं. ‘उपरोक्त संदर्भान्वये’ वगैरे चार ओळी डोक्यावरून, आणि शेवटी: ‘गैरहजर राहिल्यास आपणास काही सांगावयाचे नाही असे गृहीत धरण्यात येईल.’ बघा, धमकी मात्र लख्ख कळते! म्हणजे लिहिता येतं यांना.

आमच्या गल्लीत एक पाटी आहे, ‘फाटकासमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल.’ गुन्हा, शिक्षा, सगळं एका ओळीत. ती लिहिणाऱ्या आजोबांना ठेवा कामावर, मानधन आम्ही वर्गणी काढून देऊ.

सुनावणीत सात मिनिटं घसा कोरडा केला. साहेब म्हणाले, ‘नोंद घेतली.’ पुढे? मंजुरी राज्य शासन देणार. आम्हाला कळणार कसं? म्हणे, राजपत्रात येईल.

घरी आल्यावर काकूंनी विचारलं, ‘अगं, ते राजपत्र कुठल्या पेपरबरोबर येतं?’