एक चालणं, तीन बिलं

तासभर चालून आलो की अॅप मला आठशेच्या वर कॅलरी जादा खायची मुभा देतं. आठशे! म्हणजे मिसळ, वर जिलबी, आणि तरी हिशोबात काहीतरी शिल्लक. वजनकाट्याला मात्र ही योजना कुणी कळवलेली नाही.

घोळ असा आहे. मनगटावरचा पट्टा चालणं मोजतो. खिशातला फोनही मोजतो, कुणी सांगितलेलं नसताना. दोघं आपापला आकडा फोनमधल्या आरोग्याच्या खात्यात जमा करतात आणि खाण्याची नोंद ठेवणारं अॅप तो तिथून उचलतं. शिवाय डॉक्टरांनी 'नोंद ठेवा' म्हटलंय म्हणून मी स्वतःही 'चालणे, ६० मिनिटं' असं इमानदारीत टाकतो. एकाच दौऱ्याचं बिल तीन खात्यांत लावणाऱ्या साहेबासारखी माझी गत. फरक एवढाच की साहेबाचं पाकीट फुगतं, माझं पोट.

शेवटी भाचीला बोलावलं. ती जिमला जाते, त्यामुळे घरात तिचा शब्द अंतिम.

"मामा, तू दिवसभर नुसता पडून राहिलास तरी १६१८ कॅलरी जळतात," तिने सूत्र मांडलं. १९९० सालचं आहे. वजन गुणिले दहा, अधिक उंची गुणिले सव्वासहा, वजा वय गुणिले पाच, वर पुरुष म्हणून पाच. माझं वजन ७८ किलो, उंची १७० सेंटिमीटर, वय ४६. म्हणजे दर वाढदिवसाला पाच कॅलरी कापल्या जाणार, आणि तेही नेमकं श्रीखंड समोर असताना.

"आणि बायकांना किती देतात रे पुरुषांसारखे वरचे?" स्वयंपाकघरातून प्रश्न आला.

"मामी, देत नाहीत. १६१ कापतात."

पुढचा अर्धा तास भांड्यांचा आवाज जरा मोठा होता.

मुख्य गंमत पुढेच. 'बैठं काम' असं निवडल्याबरोबर माझ्या अॅपने त्या १६१८वर वीस टक्के आधीच चढवले होते: १९४२. उठणं-बसणं, पाण्याला जाणं, लिफ्टची वाट बघणं सगळं त्यात आलं. पट्टा तासाभराच्या चालण्याचे २७३ सांगतो, पण त्यातले ७८ मी त्या तासात नुसता जिवंत होतो याचे. खरी कमाई १९५. श्वास एकच, पण तो पट्ट्यानेही धरला आणि अॅपनेही.

बरं, पट्ट्याची न्यायबुद्धीही अजब आहे. त्याला हात हलताना दिसतो, पाय नाही. आरतीला टाळ्या वाजवल्या की पावलं वाढतात. मंडईतून दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन घामाघूम होत आलो, तर हात स्थिर म्हणून साहेब गप्प.

सकाळचा आगाऊपणा तर विचारू नका. आठ वाजता चालून आलो की अॅप धरून चालतं, हा गृहस्थ दिवसभर असाच धावणार. उदार मनाने आगाऊ रक्कम देतं. मी त्या भरवशावर साबुदाणा खिचडी खातो. मग मी ऑफिसात खुर्चीत बसतो आणि ती रक्कम तासातासाने आटत जाते. संध्याकाळपर्यंत ती गेलेली असते. खिचडी जात नाही.

भाचीने दहा मिनिटांत बंदोबस्त केला. फोनच्या पावलांची परवानगी बंद, मोजणारा एकच, तो म्हणजे पट्टा. हाताने चालणं टाकायचं नाही. दैनंदिन हालचाल 'बैठं काम'वरच ठेवायची. आणि कमी हललो तर अॅपने कॅलरी कापायच्या, ही सोयही तिने चालू केली. सोय म्हणे!

रविवारी पट्टा चार्जिंगला लावला आणि वर्षाचे गहू आले. लिफ्ट बंद. पोती मी आणि वॉचमनने तिसऱ्या मजल्यावर चढवली. पाठ धरली, गुडघे बोलू लागले. रात्री ताटावर बसताना अॅप उघडलं, तर त्याच्या मते मी दिवसभर अंथरुणातून उठलोच नव्हतो. सव्वातीनशे कॅलरी कापलेल्या.

"पोळी वाढू?" बायकोने विचारलं.

"त्याला विचार," मी फोन पुढे केला.

तिने फोन पालथा घातला आणि दोन वाढल्या, वर तूप. तुपाची नोंद कुणीच केली नाही.