आवाज सुधारा, पण स्पीकरला हात लावू नका

पहिली अट: स्पीकर जागचे हलवायचे नाहीत. दिवाळीच्या साफसफाईनंतर एक शोकेसच्या वरच्या कप्प्यात आणि दुसरा टीव्हीच्या पलीकडे, फुलदाणीला टेकून, असे जे ठेवले गेले ते तसेच राहू द्या. चुकून कुणी ते खाली उतरवले, स्टुलांवर ठेवून ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला वरचे सूर काढणारा छोटा कर्णा, बसलेल्या माणसाच्या कानाशी म्हणजे सव्वातीन फुटांवर आणले, मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे ओढले, एकमेकांपासून सहा फूट ठेवले आणि खुर्चीही दोघांपासून तितक्याच अंतरावर मांडली, तर गाणारा बरोबर मधोमध येतो आणि तबला त्याच्या शेजारी बसतो. अडचण अशी की हे अर्ध्या तासात होतं, फुकटात होतं आणि शेजारच्या काकूंनाही लगेच कळतं. ज्या सुधारणेची पावती नाही, ती चार लोकांत सांगणार कशी?

म्हणून सुरुवात विजेपासून करा. वीज कोराडीची असो नाहीतर चंद्रपूरची, ती ४०० केव्हीच्या मनोऱ्यांवरून निघते, उतरत उतरत ११ केव्हीवर येते आणि गल्लीच्या कोपऱ्यावरच्या डीपीत तिचे २३० व्होल्ट होतात. तिथून पुढे खांबांवरच्या ॲल्युमिनियमच्या तारा, त्यांवरचे कावळे, संक्रांतीपासून लटकलेला मांजा, मग मीटर, एमसीबी आणि बिल्डरने भिंतीत टाकलेली, जी स्वस्त मिळाली ती वायर. इतकं सगळं सोसून आलेल्या विजेला शेवटच्या दीड मीटरमध्ये चांदीचा मुलामा दिलेली, अंगठ्याएवढी जाड पॉवर कॉर्ड भेटली की तिचे सगळे दोष धुऊन निघतात, असं धरून चाला. अँप्लिफायरच्या आत शिरल्यावर ट्रान्सफॉर्मर तिचा व्होल्टेज बदलतो, रेक्टिफायर तिची डीसी करतो, आणि दहा-दहा हजार मायक्रोफॅरडचे कपॅसिटर ती साठवतात. स्पीकरला जातं ते त्या टाकीतलं पाणी. टाकी भरणारा नळ पितळेचा होता की प्लास्टिकचा, हे टाकीला ठाऊक नसतं. पण ही माहिती कॉर्ड विकत घेण्याआधी वाचू नये.

कॉर्डने भागलं नाही तर जपानकडे बघा. तिथल्या काही शौकिनांनी घराच्या अंगणात स्वतःचा विजेचा खांब आणि स्वतःचा ट्रान्सफॉर्मर बसवून घेतल्याच्या बातम्या २०१६ साली आल्या होत्या. आपल्याकडे हे अवघड नाही, फक्त अर्जात कारण लिहिताना ‘व्हायोलिनचा आवाज जरा कोरडा येतो’ असं लिहा. शेतातल्या पंपासाठी डीपीच्या रांगेत उभे असलेले लोक तुम्हाला आनंदाने पुढे जाऊ देतील.

मग फ्यूज. अँपच्या मागे २० मिलिमीटरचा एक काचेचा फ्यूज असतो, दहा-वीस रुपयांचा, आत केसाएवढी तार. त्याच मापाचा ‘ऑडिओफाइल’, म्हणजे आवाजाच्या शौकिनांसाठीचा, फ्यूज काही हजारांपासून सुरू होतो आणि त्यावर बाण असतो: वीज कुठून कुठे जावी हे दाखवणारा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १०० वेळा दिशा बदलणारी. यातल्या पन्नास वेळा ती बाणाच्या बाजूने जाईल. उरलेल्या पन्नास वेळांचं काय, हे दुकानदाराला विचारणं शिष्टाचाराला धरून नाही. आवाज पसंत पडला नाही तर फ्यूज उलटा करून बसवा. तोही पसंत पडला नाही तर पुन्हा सुलटा करा. फ्यूजच्या धातूच्या टोपीवर कोरलेलं ‘टी ३.१५ ए’ वगैरे मात्र वाचायचं नाही. ‘टी’ म्हणजे सावकाश उडणारा. त्याऐवजी चटकन उडणारा ‘एफ’ टाकला तर मोठा ट्रान्सफॉर्मर चालू होताना जो क्षणभराचा झटका घेतो, त्यातच काही हजारांचा भडका उडतो. आणि उडू नये म्हणून कुणी दहा अँपिअरचा टाकला, तर पुढच्या वेळी फ्यूज वाचतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो.

स्पीकरमधून सतत ‘हंऽऽ’ असा आवाज येत असेल तर त्यालाही कॉर्डच लावा. सगळ्या इनपुटच्या वायरी काढून बघण्याच्या भानगडीत पडू नका. काढल्यावर गुणगुण गेली तर दोष अर्थिंगच्या लूपचा, म्हणजे उपकरणं दोन वाटांनी अर्थला जोडली गेल्याचा असतो, आणि बहुतेक वेळा तो सेट-टॉप बॉक्सच्या केबलमधून येतो. टीव्ही, बॉक्स आणि अँप एकाच बोर्डावर घेतले, नाहीतर त्या केबलला आयसोलेटर लावला, की प्रश्न मिटतो आणि छंदही. वायरी काढूनही गुणगुण राहिलीच तर अँपचे कपॅसिटर म्हातारे झालेत. तसंच मल्टिमीटर घेऊन न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये किती व्होल्ट आहेत हेही मोजू नका. दोन-तीनच्या आत असले तर ठीक, दहाच्या वर गेले तर मिस्त्रीला बोलवावं लागेल, आणि मिस्त्री येऊन म्हणेल, ‘भाऊ, बोर्डात अर्थची वायरच नाही, कॉर्ड कायले घेतली?’ घर काळ्या मातीवर असेल तर मे महिन्यात त्या मातीला हात जाईल अशा भेगा पडतात आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो. त्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतणं हा नागपुरातला सगळ्यात परिणामकारक ‘पॉवर कंडिशनर’, म्हणजे वीज शुद्ध करणारं यंत्र, आहे, पण त्याला निळा दिवा नसतो.

(एवढ्यापुरती थट्टा बाजूला: गुणगुण घालवायला कुणी प्लगची अर्थची पिन कापायला सांगितलं तर ऐकू नका. गुणगुण जाते, आणि अँपमध्ये काही बिघडलं की त्याच्या पत्र्याला हात लावणारा माणूसही जातो.)

आता स्पीकरची केबल. नागपूरच्या इतवारी बाजारातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची मल्टिस्ट्रँड वायर मीटरवर मिळते; दोन्ही स्पीकरना पाच-पाच मीटर लागली तरी जाण्या-येण्याची मिळून २० मीटर, खर्च हजाराच्या आसपास. अशा पाच मीटरच्या जोडीचा रोध ०.०८ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरवर याने होणारं नुकसान एक दशांश डेसिबलच्या आत. स्पीकरच्या आतल्या व्हॉइस कॉइलची बारीक तारच सहा ओहमच्या आसपास असते, त्यामुळे बाहेर तुम्ही सोन्याची सळई जोडली तरी शेवटी तिथूनच जायचं आहे. एवढं कळल्यावर माणूस हजारात अडकून पडतो. म्हणून हे आकडे विसरा आणि दोन्ही केबल मिलिमीटरपर्यंत समान लांबीच्या असाव्यात असा हट्ट धरा. एक केबल मीटरभर लांब असली तर तिचा सिग्नल साधारण पाच नॅनोसेकंद उशिरा पोचतो. ऐकताना तुम्ही मान एक सेंटिमीटर हलवली तर आवाज याच्या जवळपास सहा हजार पट उशिरा पोचतो. उपाय सोपा आहे, मान हलवू नका. ज्या दिवशी भीमपलासी ऐकून मान हलेल, त्या दिवशी केबल परत करा.

केबल जमिनीवर टेकू नये म्हणून तिच्याखाली चिनीमातीचे ठोकळे ठेवतात. खांबावर तार बांधायचे पांढरे चिनीमातीचे रील हुबेहूब त्याच कामाचे आहेत आणि ते चहापोह्याच्या भावात मिळतात. तेवढ्यासाठीच ते चालत नाहीत.

आवाज सुधारावा म्हणून सीडीच्या कडेला हिरव्या मार्करने रंग फासायची एक लाट येऊन गेली. सीडी वाचणारा लेझर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे अवरक्त. हिरव्या रंगाशी त्याला सोयरसुतक नाही. तरी रंग फासा, निदान हरवलेली सीडी सापडते. इंग्लंडमधले पीटर बेल्ट तर याच्याही पुढे गेले होते: स्वतःचे फोटो फ्रीझरमध्ये ठेवा, आवाज सुधारतो. आपल्याकडे फ्रीझरमध्ये आधीच मटार, नारळाचा चव आणि आंबरस असतो. फोटोसाठी जागा मागून बघा. इंटरनेटवरून येणारं गाणं मधुर करतो म्हणून विकल्या जाणाऱ्या नेटवर्कच्या ‘म्युझिकल’ स्विचबद्दल एवढंच, की आकड्यांचं पाकीट बिघडलं तर ते पुन्हा मागवलं जातं. थोडं मधुर होऊन येत नाही.

खोलीकडे मात्र चुकूनही लक्ष जाऊ देऊ नका, कारण खरं नुकसान तिथे आहे, तुमचं नाही, दुकानदाराचं. आपला नेहमीचा हॉल दहा बाय बाराचा, उंची दहा फूट. बारा फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झचा सूर अडकून घुमतो. रुंदी आणि उंची दोन्ही दहा म्हणून ५६ हर्ट्झचा सूर दोन दिशांनी एकदमच घुमतो. म्हणून ढोलकीची एखादीच थाप अंगावर येते आणि शेजारची थाप गायब होते. त्यातून दिवाण असतो मागच्या भिंतीला टेकून, आणि खोलीत घुमणारे हे सूर भिंतीशीच सगळ्यात मोठे होतात. दिवाण दोन-तीन फूट पुढे घेतला तर जो बदल होतो, तो कुठल्याही केबलने होत नाही. पण मग दिवाणामागे धूळ साचते, आणि तिथून झाडू काढायचा कुणी, हा प्रश्न घरात निघतो. केबलबद्दल घरात कुणी काही विचारत नाही, किंमत सांगितली नाही तर.

यात नागपूरची म्हणून एक गंमत आहे. २० अंशाला आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, ४२ अंशाला ३५६. म्हणजे जानेवारीत ४७ हर्ट्झवर घुमणारी तीच खोली मेमध्ये साडेअठ्ठेचाळीसच्या वर घुमते. हे मोजता येतं, म्हणून याच्यावरचा उपाय कुणी विकत नाही.

फरशी विट्रिफाइड, भिंती पीओपीच्या, खिडकीला काच, आणि समोर टीव्हीची आणखी एक काच. मधे उभं राहून एक टाळी वाजवा, ‘टर्रर्र’ असं ऐकू येईल. यावर बाहेरून मागवलेले पॅनेल मिळतात, इंचभर जाडीचे, सुंदर रंगांचे. ते ट्वीटरचा वरचा थोडा आवाज पितात आणि टर्रर्र थोडं कमी करून थांबतात. आपण राहतो कापसाच्या मुलखात. गादीवाल्याकडून चार इंचांची सिंगल गादी भरून घेऊन ती बाजूच्या भिंतीशी, चार इंच पोकळी सोडून उभी केली, तर तीनशेएक हर्ट्झपासून वरचा आवाज ती मुकाट गिळते. जागा शोधायची युक्तीही जुनीच: तुम्ही खुर्चीत बसायचं, दुसऱ्याने भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा, आरशात ट्वीटर दिसला की गादी तिथे. दोन भिंतींना दोन गाद्या. पाहुणे मुक्कामाला आले की त्याच खाली अंथरायच्या. राजेहो, ज्या ऑडिओ उपकरणावर मामा झोपू शकतो त्याला हाय-एंड कोण म्हणेल?

कूलर. मार्च संपता संपता खिडकीत डेझर्ट कूलर बसतो आणि जूनच्या पहिल्या सरीपर्यंत हलत नाही. ऐकायच्या जागी त्याचा आवाज ६० डेसिबलच्या घरात. सीडीची डायनॅमिक रेंज, म्हणजे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर, ९६ डेसिबल. तुम्ही ८० वर ऐकलं, तरी कूलरच्या वर डोकं काढायला उरतात जेमतेम वीस. तानपुऱ्याच्या घुमाऱ्याचं शेपूट, गायकाने घेतलेला श्वास, हॉलचा प्रतिध्वनी, हे सगळं कूलरच्या ताटीत. केबलची तुलना याच दिवसांत करावी. ‘पार्श्वभूमी कशी काळीशार झाली बघा’ हे वाक्य कूलरच्या घरघरीवरूनही म्हणता येतं, फक्त जरा ओरडून. पंख्याला जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर तो मधल्या खुंटीवर ठेवा, स्पीकरमधून बारीक किरकिर येईल; तिच्यासाठी वेगळा फिल्टर मिळतो. (कपॅसिटरचा खटक्यांचा रेग्युलेटरही मिळतो, काहीशे रुपयांत. त्याने किरकिर जाते. घेऊ नका.)

अँप मात्र थंड हवेत ठेवायचं नाही. ते शोकेसमध्ये, काचेच्या दाराआड, वर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर गणपती. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं गणित असं की दर दहा अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं. खोलीत ४०, काचेआड ५५, झाकणाखाली त्याहून किती तरी वर. गणपती काय काय सांभाळणार? वर चार-सहा इंच मोकळी जागा ठेवून दार उघडं सोडलं तर तेच अँप कितीतरी वर्षं जास्त चालतं. पण मग नवं अँप घ्यायला कारण राहत नाही. एलपी रेकॉर्डही अशाच मे महिन्याच्या दुपारी गाडीच्या मागच्या काचेखाली आडव्या ठेवून सीताबर्डीच्या बाजारात जाऊन या. परत येईपर्यंत त्यांना लाटा आलेल्या असतात, आणि त्या दाबून बसवायचं वजनदार क्लॅम्पही मिळतं.

शेवटी सावधगिरी. तुमच्याकडे एखादा माणूस येईल आणि म्हणेल, पडदा लावू, मी मागे केबल बदलतो, तू ओळख. त्याला आधी पोहे द्या, वर तर्री जरा जास्त, आणि विषय बदला. कारण हा माणूस तयारीने आलेला असतो. तो १ किलोहर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजेल आणि दोन्ही वेळेला ते एक टक्क्याच्या आत जुळवेल. अर्ध्या डेसिबलने मोठा आवाज मोठा वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो, हे त्याला ठाऊक असतं, दुकानदारालाही असतं. मग तो नाणं उडवून बारा वेळा बदल करेल आणि त्यातले दहा बरोबर ओळखायला सांगेल, कारण निव्वळ नशिबाने दहा किंवा जास्त येण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या आत आहे. मेयर आणि मोरान या दोघांनी २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये अशाच चाचण्या छापल्या: हाय-रेझोल्यूशन रेकॉर्डिंग तसंच आणि तेच सीडीच्या दर्जाला उतरवून. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर २७७ आली असती.

तरीही बसावंच लागलं आणि बारापैकी सहा आले, तर म्हणा, केबल अजून पिकली नाही. माहितीपत्रकात दोनशे तासांचा बर्न-इन सांगितलेला असतो; रोज दोन तास ऐकलं तर तीन महिने दहा दिवस, आणि परत करायची मुदत तीस दिवसांची. तोवर खोका, आतला फोम, दोऱ्याने बांधलेलं प्रमाणपत्र, सगळं माळ्यावर जपून ठेवा. विकायला काढाल तेव्हा जाहिरातीत लिहा, ‘दोनशे तास पूर्ण झालेली’, आणि नव्यापेक्षा दोन हजार जास्त मागा. घेणारा तितके महिने वाचले म्हणून देतो.