धर्मनिरपेक्षता नास्तिकांनी आणली?

धर्मनिरपेक्षतेच्या टीकाकारांनो, आपले आक्षेप दोन. धर्मनिरपेक्षता हे 1851 साली होलिओक नावाच्या इंग्रज नास्तिकाने धर्म संपवण्यासाठी काढलेलं खूळ आहे, हा पहिला. राज्याने बहुसंख्यांचा धर्म मानला तर बिघडलं कुठे, हा दुसरा.

होलिओक नास्तिक होता, हे खरंच. ‘जनता इतकी गरीब असताना देवालाही अर्ध्या पगारावर ठेवावं’ असं काहीसं तो 1842 साली एका व्याख्यानानंतर बोलून गेला आणि ईश्वरनिंदेपायी सहा महिने तुरुंगात बसला. (थट्टा महागातच पडली म्हणायची!) पण पुढे आपल्या चळवळीत आस्तिकांनाही जागा हवी, यावर तो अडून राहिला. ही वाट शेवटी नास्तिकतेकडेच जाते, असं म्हणणारा त्याच चळवळीतला दुसरा पुढारी ब्रॅडलॉ. 1870 साली दोघांचा यावर जाहीर वाद झाला. आपण ब्रॅडलॉचं मत होलिओकच्या नावावर खपवलंय.

आणि होलिओकने चळवळीला नाव दिलं तेव्हा विचार दोनशे वर्षांचा झाला होता. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतीतला रॉजर विल्यम्स हा कडवा प्युरिटन (चर्च ‘शुद्ध’ करू पाहणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाचा) धर्मोपदेशक. माणूस आणि देव यांच्यातल्या अपराधांना न्यायाधिकाऱ्याने शिक्षा करू नये, असं तो सांगे. 1635 साली त्याला हद्दपारी फर्मावली गेली. पुढच्या वर्षी त्याने प्रॉव्हिडन्स हे गाव वसवलं. चर्च ही बाग, बाहेरचं जग हे रान, आणि मधे कुंपण हवं, असं त्याने 1644 साली लिहिलं. त्याला काळजी बागेची होती. जबरदस्तीने प्रार्थनेला बसवलेला माणूस ढोंगीच होणार, ही त्याची तक्रार.

1802 साली अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष जेफरसनने चर्च आणि राज्य यांच्यातल्या भिंतीबद्दल लिहिलं, तेही डॅनबरी गावच्या बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना उत्तर देताना. ही श्रद्धाळू मंडळी. त्यांच्या कनेक्टिकटमध्ये दुसऱ्याच पंथाच्या चर्चला राजाश्रय होता आणि त्याच्या करातून सूट हवी तर आपण वेगळ्या पंथाचे असल्याचा दाखला आणावा लागे.

फ्रान्सचं प्रकरण वेगळं. चर्च आणि राज्य वेगळं करणाऱ्या 1905च्या कायद्यामागे कॅथलिक चर्चवरचा राग होता. तिथे आपला आक्षेप बराचसा लागू पडतो. तरी त्याच कायद्याचं पहिलं कलम उपासनेच्या स्वातंत्र्याची हमी देतं.

आता दुसरा आक्षेप, बहुसंख्यांचा धर्म. इंग्लंडमधल्या छळाला कंटाळून आलेल्या प्युरिटनांच्या हाती मॅसॅच्युसेट्सची सत्ता आली. 1659 ते 1661 या काळात त्यांनी बॉस्टनमध्ये क्वेकर या दुसऱ्या पंथाच्या चौघांना फाशी दिलं. चौघेही ख्रिस्तीच होते.